कार्डावर एसएस

एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेलच्या रुग्णाला तिकिटाचे पैसे लागत नाहीत. सवलतींच्या तक्त्यात डायलिसिस, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि सिकलसेल असे चार आजार शेजारी शेजारी बसलेले आहेत. मी यवतमाळ विभागात कंडक्टर होतो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत सिकलसेलचा दाखला पुढे करणारी माणसं पांढरकवडा, घाटंजी, मारेगावच्या गाड्यांत नेहमीची झाली होती. मोठी माणसं थोडी, पोरंच जास्त. डोळ्यांत पिवळटपणा, पाय काटकुळे, आठ वर्षांचं पोरगं पाचाचं वाटायचं. दाखला बघायचा, मशीनमधून शून्याचं तिकीट काढायचं आणि पुढच्या सीटकडे वळायचं.

आमच्याकडे हा आजार कोणाला नवा नाही. गोंड, कोलाम, परधानांत आहे, बौद्धांत आहे, कुणबी-तेल्यांतही निघतो. 'सिकलीन आहे' म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो. हातपाय दुखतात, रक्त कमी होतं, बाटली चढवावी लागते, लग्न जमवताना पंचाईत होते, एवढं पानठेल्यावरचा माणूसही सांगेल. लेकराला लकवा मारू शकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कळलं तेव्हा माझी नात सहा वर्षांची होती.

तिचं सिकलसेलचं कार्ड लहानपणीच बनलेलं. गावात तपासणीवाले आले, बोटातून थेंबभर रक्त घेतलं, त्यात संशय आला म्हणून पुढची तपासणी झाली आणि कार्डावर एसएस आलं. मुलीच्या आणि जावयाच्या कार्डावर एएस. म्हणजे ते दोघं वाहक. दोघांकडून एकेक बिघडलेला अंश लेकरात उतरला की लेकरू ग्रस्त. असं होण्याची शक्यता दर बाळंतपणात चारात एक. पहिल्याच वेळी तो एक आमच्या वाट्याला आला. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, ताप आला तर घरी थांबू नका, असं सांगितलं गेलं. मुलीने ते सगळं पाळलं. घाटंजी तालुक्यातल्या तिच्या सासरच्या घरात प्यायच्या पाण्याची बाटली नातीच्या गळ्यात असे आणि बाकीची पोरं तिला त्यावरून चिडवत.

सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आला होता. नातीला दोन दिवस ताप होता, तो उतरलाही होता. सकाळी दुधाचा पेला तिच्या उजव्या हातातून पडला. मस्ती समजून आईने दुसरा दिला, तोही पडला. मग मला फोन आला.

"बाबा, पोट्टीचं तोंड वाकडं दिसून राहिलं. बोलूनच नाही राहिली."

मी म्हटलं, सरळ यवतमाळला घेऊन ये. पण घरात दहा माणसं आणि दहा तोंडं. कोणी म्हणालं, वारं लागलं. एका म्हातारीने कबुतर आणायला पोरगा पिटाळला. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायची रीत आमच्याकडे अजून आहे आणि शिकलेल्या घरांतही आहे. वाटेतल्या एका खासगी दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, ते संपेपर्यंत बसवून ठेवलं. यवतमाळात आली तेव्हा दुपार कलली होती. उजवा हात लोंबत होता, तोंड डावीकडे ओढलेलं. ती माझ्याकडे बघत होती, ओळखत होती, पण शब्द येत नव्हता.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न वयाचा विचारला आणि दुसरा, कार्ड आहे का? मुलीने पिशवीतून काढून दिलं. एसएस वाचलं आणि त्यांची चाल बदलली. सीटी स्कॅनला पाठवलं, त्याच वेळी रक्तपेढीत माणूस धावला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता.

जावई मोबाइलवर वाचून आला होता. त्याचं म्हणणं, लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन देतात, ते लवकर दिलं तर माणूस उठून बसतो, मग इथे ते का देत नाहीत? प्रश्न चुकीचा नव्हता. बाईंनी घाईतही उत्तर दिलं. म्हाताऱ्या माणसाच्या नळीत बहुधा गाठ येऊन अडकते. या पोरांचं दुखणं निराळं. त्यांच्या लाल पेशीतलं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, प्राणवायू सोडला की ते आत एकमेकाला चिकटून कडक होतं आणि पेशी वाकते. अशा पेशी चिकटून चिकटून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या नळ्यांच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं इजा करतात. अस्तर जाड होतं, नळी अरुंद होते. मग ताप येतो, रक्त आणखी उतरतं आणि पलीकडचा भाग उपाशी पडतो. इथे पहिलं औषध रक्तच. तिचं काढायचं आणि निरोगी माणसाचं भरायचं.

नुसतं भरून चालत नाही, हे मला तिथे कळलं. वाकड्या पेशी आत तशाच ठेवून वरून रक्त ओतलं तर ते दाट होतं आणि अडचण वाढते. म्हणून एका बाजूने मोजून काढत होते, दुसऱ्या बाजूने मोजून देत होते. तिच्या अंगातलं वाकडं हिमोग्लोबिन शंभरात तीसच्या खाली आणायचं होतं. रात्री उशिरापर्यंत ते चाललं. सिस्टर मिलीलिटर मोठ्याने म्हणत होती आणि दुसरी वहीत लिहीत होती. सरकारी रक्तपेढीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णाला रक्त फुकट मिळतं, बदल्यात रक्तदाता आणायची सक्ती नाही. हे मला माहीत नव्हतं, मी दोन पुतण्यांना घेऊन उभा होतो. त्यांनी तरी दिलंच.

शेजारच्या खाटेवर दिग्रसकडचा एक मुलगा होता, दहाएक वर्षांचा. त्यालाही लकवा, डावी बाजू. त्याच्या घरी सिकलसेलचं नावही नाही. त्याचे वडील आणि मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसत असू. त्यांच्या मुलाच्या रक्तात गाठी फार लवकर धरत होत्या. आपल्या रक्तात गाठ धरणारे घटक असतात, तसे तिला आवर घालणारेही असतात. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन ही त्यांची नावं. त्यांतला एखादा जन्मतः कमी असला तरी पुष्कळ माणसं आयुष्यभर बिनघोर जगतात. लेकराला झटका यायला सोबत आणखी काही लागतं. हृदयाला जन्मापासून छिद्र, कानाचा किंवा मेंदूचा जंतुसंसर्ग, उलट्या-जुलाबाने सुकलेलं शरीर. त्या मुलाला आधी हगवण झाली होती. त्याचं प्रोटीन सी कमी निघालं, पण डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला नाही. झटक्याच्या दिवसांत हे घटक खर्च होतात आणि आकडा उगाच कमी येऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं आणि आईवडिलांचंही बघायचं ठरलं. त्याला रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू होती. माझ्या नातीला रक्त बदलणं चालू होतं. दोन्ही दुखणी रक्तातली, दोन्हींचा शेवट एकाच वॉर्डात, आणि उपचार अगदी वेगळे. कार्ड नसतं तर हा फरक कळायला किती वेळ गेला असता, हा विचार तेव्हा मला सुचला नाही. आता सुचतो.

व्याह्यांच्या घरी मात्र विचार दुसराच चालला होता. पोरगी नवव्या दिवशी घरी आली आणि 'कोणाकडून आलं' हे सुरू झालं. कार्ड दोघांच्या हातात असूनही बोट एकाच बाजूला. मुलगी गप्प बसायची. मी यवतमाळात स्वतःची तपासणी करून घेतली, बायकोचीही करवली. माझं एएस, तिचं निर्दोष. म्हणजे आमच्या बाजूने आलं ते माझ्याकडून. साठी उलटल्यावर कळलं की मी वाहक आहे. इतकी वर्षं गाडीच्या पायऱ्या चढलो-उतरलो, एक दिवस त्याचा त्रास नाही. वाहकाला सहसा होतही नाही. मी तो कागद व्याह्यांपुढे ठेवला आणि म्हटलं, आता तुमच्या घरात कोणाचं आहे तेही बघून घ्या, म्हणजे हिशेब पुरा होईल. त्यांनी बघितलं नाही, पण विषय बंद झाला.

माझं बालपण झरी-जामणीच्या बाजूला जंगलालगत गेलं. हिवतापाने तिकडे पोरं पटापट जायची. मला दोनदा तीनदा ताप भरला आणि उतरला. १९५४ साली अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरने आफ्रिकेत दाखवून दिलं की ज्याच्याकडे हा अंश एकच असतो त्याला हिवताप सहसा जीवघेणा होत नाही. म्हणून जिथे हिवताप जुना, तिथे हा अंशही जुना आणि पुष्कळ. शिकागोत जेम्स हेरिक यांनी १९१० साली वाकड्या पेशी पहिल्यांदा लिहून ठेवल्या, आपल्या देशात निलगिरीच्या आदिवासींत त्या १९५२ साली सापडल्या आणि विदर्भातला आजार नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली लॅन्सेट मासिकात छापला. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. माझ्या दोन भावंडांना हिवतापाने नेलं आणि मला कदाचित याच अंशाने ठेवलं. हे मी मुलीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग पोट्टीनं काय केलं होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण दुसरा एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. आमच्याकडे सिकलसेलचं जेवढं म्हणून सांगितलं जातं, भिंतीवर, शाळेत, ग्रामसभेत, ते सगळं लग्नाभोवती फिरतं. लग्नाआधी कार्ड बघा, वाहकाने वाहकाशी लग्न करू नका. बरोबरच आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी हा आजार लोकांपर्यंत नेण्यात आयुष्य घातलं, त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राची मोहीम सुरू झाली, तीही २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणून. सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. संपवायचा म्हणजे पुढे जन्मू द्यायचा नाही. पण जे जन्मले आहेत, ज्यांच्या कार्डावर एसएस छापून हातात दिलंय, त्यांचं काय? कार्ड देणारा माणूस त्या आईला लग्नाचं सांगतो. तिचं लग्न झालेलं असतं, लेकरू कडेवर असतं.

तिला सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती मला नागपूरला कळली, नातीला लकवा मारून गेल्यावर.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या कानशिलावर जेली लावली आणि सोनोग्राफीच्या मशीनसारखंच एक यंत्र टेकवलं. ना सुई, ना भूल. अर्ध्या तासात काम झालं. मेंदूकडे जाणाऱ्या नळीत रक्त किती वेगाने धावतं ते मोजायचं. नळाच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं, तसं नळी अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक. १७० ते १९९ म्हणजे लक्ष ठेवा. २०० किंवा त्याच्या वर गेला तर लकव्याचा धोका मोठा. याला टीसीडी म्हणतात. एसएस असलेल्या लेकराची दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत दरसाल करायची. अमेरिकेत वेग वाढलेली १३० मुलं घेऊन एक अभ्यास झाला, १९९८ साली छापून आला. निम्म्यांना दर महिन्याला रक्त दिलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ११ मुलांना झटका आला, रक्त मिळालेल्यांत एकाला. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

म्हणजे हा लकवा येण्याआधी दिसतो. बहुतेक वेळा. रक्ताच्या दुखण्यांत असं भाग्य फार थोड्यांचं. दिग्रसच्या त्या मुलाला झटका यायच्या आधी कोणत्याही यंत्राने ते सांगितलं नसतं. माझ्या नातीचं सांगता आलं असतं. सोनोग्राफीची मशीन तालुक्याच्या गावात आहे. ती कानशिलावर लावून वेग वाचायला शिकलेला माणूस नाही. मला यात पैशाची अडचण वाटत नाही. पुरुषोत्तम मासात ज्यादा गाड्या सोडायच्या असल्या की डेपोत ड्रायव्हर उभे होतातच. कोणाच्या तरी कामाच्या यादीत ते लिहिलेलं पाहिजे, इतकंच.

एकदा झटका आला की दुसरा येऊ नये म्हणून दर महिन्याला रक्त. नाही दिलं तर तिघांपैकी दोघांना पुन्हा येतो, तोही बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. नातीला यवतमाळात दर महिन्याला रक्त मिळतं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं बंद, तेव्हा पिशवीसाठी थांबावं लागतं, पण मिळतं. रक्ताबरोबर लोह साठतं, ते हृदयात आणि यकृतात बसतं, म्हणून ते बाहेर काढायची गोळी पाण्यात विरघळवून उपाशीपोटी द्यायची. नात ती पिताना असं तोंड करते की बघणाऱ्यालाही कडू लागावं.

बोलणं हळूहळू आलं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, सुटा शब्द येत नसेल तर पाठ असलेली ओळ म्हणून घ्या, एक-दोन-तीन किंवा वार. तिला माझी नागपूरची गाडी पाठ होती. मी तिला लहानपणापासून मांडीवर घेऊन थांबे म्हणत असे. "यवतमाळ" म्हणून मी थांबायचो. तिने "कळंब" म्हटलं. मग देवळी, वर्धा, सेलू, बुटीबोरी. 'पाणी' म्हणता येत नव्हतं तेव्हा बुटीबोरी म्हणता येत होतं. मेंदूत पाठांतराची वाट वेगळी असते म्हणे. आता ती वाक्यं बोलते, घाईत शब्द चुकतो. डाव्या हाताने लिहिते. उजव्या हाताने पेला धरते, पण बोटं सुटी होत नाहीत. शाळेत परत गेली, गणितात मागे पडली आहे. डॉक्टर म्हणतात, यातल्या बऱ्याच पोरांना बाहेरून काही न दिसता आत लहान झटके येऊन गेलेले असतात, तिघांतल्या एकाला तरी, आणि ते अभ्यासातच दिसतात. ऐकल्यावर मला गाडीतली ती पोरं आठवली, दाखला द्यायला खिसा चाचपणारी, विचारलं तर गावाचं नाव सांगायला वेळ लावणारी. मंद आहे, असं बाप हसून सांगायचा.

रक्ताशिवायही एक मार्ग आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं कॅप्सूल. जन्माआधी बाळात जे हिमोग्लोबिन असतं ते या औषधाने पुन्हा तयार होऊ लागतं आणि पेशी कमी वाकतात. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, सरकारी यादीत आहे. रक्ताच्या पेशी महिन्या-दोन महिन्यांनी तपासत राहाव्या लागतात, कारण पांढऱ्या पेशी उतरू शकतात. नायजेरियात आमच्याहून जास्त पोरांना हा आजार आणि आमच्याहून कमी रक्त. तिथल्या डॉक्टरांनी वेग वाढलेल्या मुलांना हेच औषध दिलं आणि २०२२ साली छापलं की कमी मात्रेनेही झटके तितकेच रोखले गेले. अमेरिकेत आणि विलायतेत २०२३ च्या अखेरीस जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली, किंमत बावीस लाख डॉलर. जावयाने त्याचे रुपये करून बघितले आणि मोबाइल खिशात ठेवला. मला त्या उपचाराचं कौतुक आहे. पण आमच्या तालुक्याला नायजेरियाचा धडा आधी पाहिजे.

नातीला धाकटा भाऊ आहे, तीन वर्षांचा. तो पोटात असताना तपासणी करता आली असती. दहा-बारा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन करतात, मोठ्या शहरात होते. तेव्हा घरात कोणाला ते माहीत नव्हतं. त्याच्याही कार्डावर एसएस. अजून एकदाही हातपाय दुखण्याचा क्रायसिस नाही, गुटगुटीत आहे, घरचे म्हणायचे याला सौम्य आहे. बहिणीच्या तपासणीला त्यालाही नागपूरला नेलं. यंत्र लावू देईना, आईच्या मांडीवर झोपला तेव्हा लावलं. १८२ आलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केलं. कॅप्सूल ५०० मिलीग्रॅमचं, त्याचं वजन बारा किलो, मात्रा निम्म्याहून थोडी कमी. लहान पोरांसाठीचं पातळ औषध आम्हाला मिळालं नाही. त्यामुळे मुलगी रोज रात्री हातमोजे घालते, कॅप्सूल मोजून घेतलेल्या पाण्यात उघडून विरघळवते, सिरिंजने ठरवलेलं तेवढं खेचते आणि उरलेलं टाकून देते. त्यासाठीची चमचा-वाटी घरात इतर कशाला वापरत नाही. सासू आता जवळ बसून सिरिंजवरची रेघ बघते, कारण रात्रीच्या दिव्यात तिलाच ती नीट दिसते. पेशींची तपासणी घाटंजीतच होते. टीसीडी तीन महिन्यांनी पुन्हा, पोळ्याच्या आसपास येईल. तेव्हा पेरणीची कामं उरकलेली असतात, जावयाला सोबत येता येईल.